पितळ उघडे पडलेच पाहिजे!

सध्या सुशिक्षित मराठी घरांत एक साथ आली आहे. ती प्रथम उशाशी येते, म्हणजे पलंगाशेजारच्या स्टुलावर तांब्याची बाटली दिसू लागते. पंधरा दिवसांत स्वयंपाकघरात पितळेची कढई येते. महिन्याभरात तळपायाला घासायची काशाची वाटी येते. रोग बळावला, की घरातलं सगळं स्टील पोत्यात भरून माळ्यावर जातं, आणि शेवटच्या अवस्थेत रोगी बोलू लागतो. अशा घरी तुम्ही पाणी मागितलंत, की पाण्याआधी व्याख्यान येतं. व्याख्यानाचा सारांश एकच असतो: आपल्या पूर्वजांना सगळं कळत होतं, मधल्या पिढीने मूर्खपणा केला, सोन्यासारखी पितळेची भांडी मोडीत घातली आणि हे दळभद्री स्टील घरात आणलं.

मी बँकेत कारकून आहे. शिक्षण बी.कॉम. धातुशास्त्राशी माझा संबंध काउंटरवरच्या नाण्यांपुरता. तरीही या व्याख्यानाला कुणीतरी उत्तर द्यायला हवं, आणि ज्यांनी द्यायचं त्या भांडी घासण्यात गुंतल्या आहेत. म्हणून हे वकीलपत्र मी घेतो. फी घेत नाही. माझा अशील स्टेनलेस स्टील. आणि अशिलाच्या आडून मी खरा कुणाचा खटला लढतोय, ते पुढे कळेलच.

फिर्यादी पक्षाचं नेतृत्व आमच्या समोरच्या ब्लॉकमधले एक निवृत्त गृहस्थ करतात. त्यांना मी मनातल्या मनात ‘ताम्रपट’ म्हणतो, इथेही तेच म्हणू. माणूस सज्जन. सोसायटीचा मेंटेनन्स दर महिन्याच्या एक तारखेला भरणारा. पण त्यांच्या घरी गेलं की दिवाणखान्यात प्रथम दिसतो तो बंब. तांब्याचा, मधोमध नळी असलेला, खाली राखेला जाळी असलेला. आमच्या लहानपणी तो न्हाणीघरात असायचा आणि धूर सोडायचा. ताम्रपटांच्या घरी तो सोफ्याच्या बाजूला आहे आणि त्यात मनी प्लँट आहे.

“अहो बँकवाले,” ते मला म्हणाले, “स्टीलमध्ये जेवता? विष आहे विष!”

मी म्हटलं, “आमच्याकडे तीन पिढ्या जेवल्या. दोन अजून जेवतायत.”

“पुढे कळेल,” ते म्हणाले. पितळपक्षाचा हा हुकमी पत्ता आहे. पुढे काय कळणार ते कधीच कळत नाही.

त्यांचा पहिला मुद्दा आरोग्याचा. यातला खरा भाग मी आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे भांडण स्वच्छ होईल. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले बरेच जंतू मरतात. हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. विहिरीचं, नदीचं पाणी थेट प्यायचे दिवस होते तेव्हा तांब्याचा हंडा हे शहाणपणच होतं. पण ताम्रपटांकडे पाणी नगरपालिकेतून क्लोरीन होऊन येतं, मग भिंतीवरच्या यंत्रातून गाळून निघतं, मग ते त्याला उकळी देतात आणि त्यानंतर तांब्यात भरतात. एवढं झाल्यावर त्यात तांब्याने मारायला जंतू उरतो कुठे? आणि या पाण्यात ते सकाळी लिंबू पिळतात! तांब्याचं आणि आंबटाचं वैर आहे. आंबटात तांबं विरघळतं. पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या वर असू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. लिंबू पिळणाऱ्याने हा हिशेब मांडलेला नसतो. आमच्या आजीला मिलिग्रॅम ठाऊक नव्हता, पण तिने पितळी भांड्यात ताक कधी ठेवू दिलं नाही. “कळकेल,” म्हणायची. या एका शब्दात सगळं रसायनशास्त्र होतं. ज्यांना पूर्वजांचं ज्ञान हवंय त्यांनी निदान ‘कळकणे’ हे क्रियापद तरी पाठ करावं.

शिवाय मोबाईलवर एक तक्ता फिरतो. अमुक धातूत अन्न शिजवलं तर अमुक टक्के जीवनसत्त्वं शिल्लक, तमुक धातूत तमुक टक्के. आकडे मोठे सुबक असतात. प्रयोग कुणी केला, कुठे केला, काय शिजवलं, याचा पत्ता नसतो. बँकेत व्हाउचरशिवाय नोंद केली तर आमची चौकशी लागते. या तक्त्यावर मात्र लोक कढया बदलतात.

आता कल्हईकडे येऊ. पितळेत रोजचा स्वयंपाक करायचा तर आतून कल्हई हवीच. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि आपली आमटी म्हणजे चिंच, कोकम नाहीतर टोमॅटो. दोघांची गाठ पडू नये म्हणून मध्ये कथलाचा पातळ थर. पूर्वी कल्हईवाला दारात यायचा. जमिनीत खड्डा करायचा, भाता लावायचा, कोळसा फुलवायचा. भांडं तापलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने सरसर फिरवायची, की आतून भांडं चांदीसारखं. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून हे सगळं रस्त्याच्या कडेला जमायचं. आम्ही पोरं तोंडात बोट घालून बघत बसायचो. दृश्य सुंदर होतं, यात वाद नाही. पण त्या धुरात दिवसभर बसणारा माणूस आपल्या मुलाला हा धंदा शिकवायला तयार नव्हता, हेही आम्ही पाहिलं. आणि ही कल्हई काही महिन्यांत उडायची. मग आतला पिवळा रंग डोकवायचा. ‘पितळ उघडं पडणं’ म्हणजे काय, हे आम्हाला मराठीच्या मास्तरांच्या आधी आमटीच्या पातेल्याने शिकवलं.

दुसरा मुद्दा चवीचा. “पितळी पातेल्यातल्या आमटीची चव!” असं म्हणून ताम्रपट डोळे मिटतात. इथेही थोडं तथ्य आहे. उष्णता वाहून नेण्यात तांबं स्टीलच्या पंचवीसेक पट पुढे आहे आणि पितळही काही पट. त्यामुळे आच सगळीकडे सारखी लागते. स्टीलच्या पातेल्यात दूध बुडाला लागतं, ते याचमुळे. कबूल. पण त्यावर तोडगा केव्हाच निघाला: स्टीलच्या भांड्याला खालून तांब्याचा मुलामा, किंवा बुडात ॲल्युमिनियमची जाड चकती. म्हणजे तांब्याचा गुण घेतला, घासणं टाळलं. आणि आमटीच्या चवीचं म्हणाल तर त्यात पितळेचा वाटा किती आणि पाट्यावर वाटलेल्या ओल्या खोबऱ्याचा किती? तो पाटा कोण ओढत होतं, हा प्रश्न ताम्रपटांनी स्वतःला विचारलेला नाही. पाट्यावरच्या चटणीची आठवण काढून गहिवरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. सगळी खाणाऱ्यांपैकी होती. वाटणाऱ्यांपैकी कुणी गहिवरलेलं पाहिलं नाही. त्यांनी मिक्सर घेतला.

तिसरा मुद्दा आर्थिक, म्हणजे माझ्या अंगणातला. “पितळेला मोड आहे,” ताम्रपट म्हणतात. “स्टीलला काय आहे?” हा मुद्दा मात्र वजनदार आहे, अक्षरशः. पितळ, तांबं ही गरिबाची मुदतठेव होती. मुलीचं लग्न निघालं, मुलाची फी आली, पाऊस गेला, की हंडा सावकाराकडे जायचा. अडीनडीला भांडं उभं राहायचं. बँक दारी येण्याआधी घरातली मांडणी हीच बँक होती, हे बँकेचा नोकर असून मी मान्य करतो. मोडीत स्टीलला तेवढा भाव येत नाही, हेही मान्य.

पण मी बी.कॉम. आहे. मालमत्ता म्हटली की माझी नजर उजव्या बाजूकडून डाव्या बाजूकडे जाते आणि देखभालीचा खर्च शोधते. आजोबांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. मोठे टापटिपीचे गृहस्थ. सुतळीचा गुंडासुद्धा खर्ची टाकलेला. कल्हईचे पैसे तारीखवार. पण त्या ढीगभर पितळेच्या घासण्यापोटी वहीत एक पैसा नाही. का नाही? तर तो खर्च आजी होती.

आता तो हिशेब आपण मांडू. आमच्या घरचं पितळ घासायला आजीला रोज पाऊण तास लागायचा. मोरीत पाटावर बसून, चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन. सणावारी दुप्पट, पण तो ओव्हरटाइम धरत नाही. रोज पाऊण तास म्हणजे वर्षाचे जवळजवळ २७४ तास. पन्नास वर्षांच्या संसाराचे सुमारे १३,७०० तास. आठ तासांची पाळी धरली तर १,७०० हून अधिक दिवस. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर जवळजवळ पावणेसहा वर्षं. म्हणजे आमची आजी आयुष्यातली पावणेसहा वर्षं पूर्णवेळ पितळ घासण्याच्या नोकरीत होती. प्रॉव्हिडंट फंड नाही, किरकोळ रजा नाही, बढती नाही. या देशात ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ साली झाला. त्यात पाच वर्षांच्या सलग नोकरीची अट होती. म्हणजे आजी ग्रॅच्युइटीला पात्र होती! अर्ज कुणाकडे करायचा एवढाच प्रश्न होता. मालक वहीत सुतळीचा खर्च लिहीत होते.

आणि हे नुसते तास झाले. थंडीत बोटांना भेगा पडायच्या आणि त्या भेगांत चिंच जायची, त्याला कुठल्या रकान्यात टाकायचं, हे मला कॉमर्स कॉलेजात शिकवलेलं नाही.

म्हणून ‘मधल्या पिढीने मूर्खपणा केला’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तापतं. तांब्यासारखं, एकदम आणि सगळीकडे सारखं. कारण तो मूर्खपणा आमच्या घरी कसा झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. १९८५ ची दिवाळी जवळ आली होती. दारात भांडेवाला तराजू टांगून उभा. आईने पितळेचा मोठा टोप, दोन पराती, एक पिंप आणि कळशी बाहेर काढली. आजोबा ओट्यावरून गरजले, “पितळ म्हणजे लक्ष्मी! घरातली लक्ष्मी विकायला निघालात?” आई गप्प राहिली. त्या काळातल्या सुना गप्प राहण्यात फार तयारीच्या असत. तेवढ्यात आतून आजी आली, आणि तिने स्वतः ओढत ओढत घंगाळ आणून तराजूपाशी ठेवलं.

आजोबा म्हणाले, “अगं, पाहुणे आले तर?”

आजी म्हणाली, “पाहुण्यांचं काय, ते जेवून जातात.”

भांडेवाल्याची नजर समईवर गेली. तेव्हा आजी म्हणाली, “ती नाही द्यायची. ती मी हौसेने घासते. बाकीचं सक्तीने.”

पितळेच्या प्रश्नावर एवढा नेमका ठराव मी पुढे युनियनच्या कुठल्याही अधिवेशनात ऐकला नाही. गेलं ते पितळ नव्हतं, सक्ती गेली. घोषणा नाहीत, फलक नाहीत, मोर्चा नाही. गल्लीगल्लीतून बायकांनी तराजूवर टोप ठेवले आणि वर थोडे पैसे घालून स्टील घेतलं. तो मूर्खपणा नव्हता हो, तो संप होता. आणि आमच्या संपांपैकी किती यशस्वी झाले ते मला ठाऊक आहे. हा झाला.

उरलेलं स्टील बोहारणीने पुरवलं. बाबांच्या टेरिकॉटच्या दोन पँटी आणि एक जरीचं लुगडं यांच्या बदल्यात एक पातेलं, वर झाकण हवं की नको यावर पाऊण तास वाटाघाटी. “ताई, पँट गुडघ्यात विरलीय.” “विरली नाही, बसकी आहे. साहेब बसून काम करतात.” या चर्चेत आई जी चिकाटी दाखवायची ती आमच्या वसुली खात्याने दाखवली, तर थकबाकी हा शब्द बँकेतून नाहीसा होईल. प्रत्येक पातेल्यावर मग नाव घातलं जायचं. टिर्रर आवाज करणाऱ्या यंत्राने, ठिपक्याठिपक्यांचं, तारखेसह. घर बाबांच्या नावावर, रेशनकार्ड बाबांच्या नावावर, विजेचं बिल आजोबांच्या नावावर. आईचं नाव जिथे खोदून घातलं गेलं, ती जागा म्हणजे स्टीलचं पातेलं.

आता अशिलाची ओळख करून देतो, कारण ताम्रपट त्याला ‘केमिकलवालं’ म्हणतात. हा धातू सर्वसामान्यांच्या चुलीसाठी जन्मला नाही. १९१३ साली इंग्लंडात शेफील्ड इथे हॅरी ब्रिअर्ली नावाचा गृहस्थ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून खटपट करत होता. त्यातून हाती आलं न गंजणारं पोलाद, आणि ते बंदुकीपेक्षा सुरी-काट्यांच्या कामी आलं. साधं लोखंड गंजतं. त्यात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम घातलं, की वरच्या अंगाला क्रोमियम ऑक्साइडचा इतका पातळ पापुद्रा धरतो, की डोळ्यांना दिसत नाही. गंमत पुढेच आहे. त्यावर ओरखडा पडला तर हवेतला ऑक्सिजन घेऊन तो पापुद्रा आपला आपण पुन्हा धरतो. म्हणजे कल्हईवाला स्टीलच्या अंगातच बसलेला आहे, आणि त्याला ना कोळसा लागतो ना नवसागर! चांगल्या भांड्यांत क्रोमियम १८ टक्के आणि निकेल ८ टक्के असतं. ‘अठरा-आठ’ म्हणतात ते हेच.

दुकानात चुंबक घेऊन जाणाऱ्या वहिनींसाठी एक सूचना. अठरा-आठला चुंबक चिकटत नाही, हे खरं. पण निकेल वाचवण्यासाठी मँगॅनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही तो सहसा चिकटत नाही. त्यामुळे चुंबकावर सगळी भिस्त ठेवू नका, भांड्यावरचा छाप वाचा. उलट चुंबक चिकटला म्हणजे माल खोटा, असंही नाही. खिशातला रुपया काढून फ्रिजवरच्या चुंबकाला लावून बघा, पटकन चिकटेल. रुपयाचं स्टील निराळं आहे, बिननिकेलचं. आणि रुपया खोटा नाही, एवढी ग्वाही मी बँकेतर्फे देऊ शकतो.

रुपयावरून आठवलं. ताम्रपट म्हणतात, स्टीलला प्रतिष्ठा नाही. सरकारने १९८८ साली दहा, पंचवीस आणि पन्नास पैसे स्टीलचे केले आणि १९९२ साली खुद्द रुपया स्टीलचा केला. आमच्या आईने १९८५ सालीच निर्णय घेतला होता. म्हणजे अर्थमंत्रालयापेक्षा ती तीन वर्षांनी पुढे होती. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली, पण आमच्या ड्रॉवरच्या कोपऱ्यात एक गेंडा छापाची पावली अजून आहे, आणि ती आजही लखलखीत आहे. याउलट हल्लीचं पिवळं पाच रुपयांचं नाणं बघा. निकेल घातलेलं पितळ आहे ते. चार-सहा वर्षं हातोहात फिरलं की काळवंडतं, कारण सरकारकडे ते चिंच लावून घासायला सून नाही.

कुणाला वाटेल, मी जुन्याचा शत्रू आहे. मुळीच नाही. ज्याचं काम त्याने करावं, एवढंच माझं म्हणणं. भाकरी बीडाच्या नाहीतर लोखंडाच्या तव्यावरच व्हावी. लोखंडी कढईतल्या भाजीत थोडं लोह उतरतं, तेही चांगलंच. पाणी मातीच्या माठातलं. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी हवेत उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं, आणि विजेचं बिल येत नाही. लोणचं चिनी मातीच्या बरणीतच घालावं. तिथे माझ्या अशिलाची अब्रू मी वाचवणार नाही, कारण मीठ दीर्घकाळ अंगाला लागलं तर स्टीललाही बारीक खड्डे पडतात. रात्री दोन वाजता स्टीलचा पेला फरशीवर पडला की तिसऱ्या मजल्यावरचा माणूस ‘भूकंप’ म्हणून उठतो, हाही दोष मी नोंदवून ठेवतो. प्लॅस्टिकची वकिली मात्र मला सांगू नका. त्याला घासावं लागत नाही आणि ते जातही नाही. २०१८ साली राज्यात पिशव्यांवर बंदी आली, पण आमच्या गॅलरीत पिशव्यांची पिशवी अजून लटकतेच आहे.

आणि तांब्याच्या कारागिरीशी तर माझं भांडणच नाही. पुण्याला कसब्यात तांबट आळी आहे, पेशवाईपासूनची. तिथे तांब्याच्या पत्र्यावर ठोके मारून जे मठारकाम करतात ते बघत उभं राहावं. त्या माणसांचं पोट त्यावर आहे. तुम्हाला आवडतं तर त्यांच्याकडून जरूर घ्या, योग्य दाम देऊन घ्या, देव्हाऱ्यात ठेवा, समई लावा, हौसेने घासा. ‘हौसेने’ हा शब्द अधोरेखित समजावा. माझा वाद पितळेशी नाहीच. स्वतः न घासता पितळेची आरती ओवाळणाऱ्यांशी आहे.

कारण आज ते पितळ घासतंय कोण? ताम्रपट घासत नाहीत, त्यांची पाठ धरते. त्यांच्या सौभाग्यवतींना संधिवात आहे. घासतात त्या आमच्या मजल्यावर चार घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी. ताम्रपटांनी एके दिवशी स्टील माळ्यावर टाकलं आणि मोरीत अकरा पितळी भांडी ठेवली. पगार तोच. मावशींनी दोन दिवस घासली. तिसऱ्या दिवशी हात पदराला पुसत त्या विचारत्या झाल्या, “काका, ह्या भांड्यांचे वेगळे पैसे लागतील.”

ताम्रपट समजावणीच्या सुरात म्हणाले, “मावशी, ही आपली संस्कृती आहे. तुमच्या गावी नव्हतं का पितळ?”

मावशी म्हणाल्या, “होतं ना. आईने विकून स्टील घेतलं.”

जिन्यात मला भेटल्यावर त्यांनी हे सांगितलं, आणि वर विचारलं, “दादा, त्या कढईची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी आहे, खरंय का?” मी धातूंच्या बाबतीत जाणकार आहे, असा त्यांचा समज झाला असावा. मी आकडा सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यापासून पितळेचा दर वेगळा झाला, आणि त्यानंतर आठवडाभरात अकरापैकी नऊ भांडी ताम्रपटांच्या दिवाणखान्यात बंबाशेजारी शोभेला आली. जेवण पुन्हा स्टीलमध्ये. श्रमाला किंमत लागली की संस्कृती किती लवकर दिवाणखान्यात येते, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात छापायला हरकत नाही.

तेव्हा माझा प्रस्ताव साधा आहे. घरात कुठलं भांडं असावं, हे जेवणाऱ्याने ठरवू नये. तक्ता पाठवणाऱ्याने तर नाहीच. जी व्यक्ती ते घासणार आहे, तिला विचारावं. ती ‘हो’ म्हणाली तर सोन्याच्या ताटात जेवा. ती ‘नको’ म्हणाली तर तिचा नकार हा धातुशास्त्राचा शेवटचा शब्द मानावा. आणि मधल्या पिढीच्या मूर्खपणावर ज्यांना व्याख्यान द्यायचं आहे, त्यांनी आधी एक महिना, रोज पाऊण तास, मोरीत पाटावर बसून पितळेचा टोप आतून-बाहेरून लख्ख करावा. थंडीचा महिना निवडावा. महिनाभराने बोटं दाखवावीत आणि मग बोलायला उभं राहावं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन.

भांडं त्यांचं, हात त्यांचे. चिंच माझ्याकडून, सप्रेम भेट.